पाचिंकोचं अर्थकारण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचिंको म्हणजे नेमकं काय?

उभ्या काचेआड एक फळी असते आणि तिच्यावर शेकडो पितळी खिळे. उजव्या हातातली मूठ पिळली की ११ मिलिमीटरचे पोलादी छर्रे एकामागोमाग एक वर उडतात आणि खिळ्यांवर आपटत, ठेचकाळत खाली येतात. बहुतेक तळाच्या भोकात गडप होतात. एखादा मधल्या छोट्या कप्प्यात पडला की समोरच्या पडद्यावर आकडे फिरायला लागतात. तीन आकडे जुळले की खालचं मोठं दार उघडतं आणि छर्ऱ्यांचा ओघ सुरू होतो. आकडे जुळणार की नाही, हे छर्रा कप्प्यात पडला त्याच क्षणी आतल्या चिपनं ठरवलेलं असतं. पडद्यावरचं सगळं नाट्य त्यानंतरचं.

त्याच दुकानात पाचिस्लॉट नावाचं भावंडही असतं. त्यात छर्ऱ्यांऐवजी बिल्ले आणि तीन फिरती चाकं असतात. उद्योगाचे आकडे सहसा दोन्हींचे मिळून दिले जातात, इथेही तसेच घेतले आहेत.

जपानात जुगाराला बंदी आहे ना? मग हे राजरोस कसं चालतं?

बंदी आहे. दंडसंहितेच्या १८५ व्या कलमानुसार जुगार हा गुन्हा आहे. घोड्यांच्या, सायकलींच्या आणि मोटारबोटींच्या शर्यती व लॉटरी यांना वेगवेगळ्या खास कायद्यांनी सूट दिलेली आहे, आणि त्या सगळ्या सरकारी छत्राखाली चालतात. पाचिंकोला अशी सूट नाही. तो येतो १९४८ च्या 'फूएइहो' कायद्याखाली. बार, कॅबरे, माहजोंगचे अड्डे अशा 'सार्वजनिक नीतीवर परिणाम करणाऱ्या' धंद्यांवर नजर ठेवणारा हा कायदा. त्याच्या लेखी पाचिंको ही करमणूक आहे आणि जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून एखादी वस्तू देता येते. २३ व्या कलमात मात्र दोन गोष्टींना स्पष्ट मनाई आहे: रोख रक्कम किंवा रोखे बक्षीस म्हणून द्यायचे नाहीत, आणि दिलेली वस्तू दुकानदारानं परत विकत घ्यायची नाही.

प्रत्यक्षात काय होतं? गिऱ्हाईक जिंकलेले छर्रे काउंटरवर मोजून घेतं. त्यातल्या थोड्यांची चॉकलेटं किंवा सिगारेटी घेता येतात, पण बहुतेक लोक मागतात ती 'विशेष बक्षिसं': प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेली बोटभर आकाराची वस्तू. ती घेऊन ते दुकानाबाहेर पडतात. शेजारच्या गल्लीत एक छोटी खिडकी असते, आतल्या माणसाचा चेहराही धड दिसत नाही. डबी आत सरकवायची, नोटा बाहेर येतात. ही खिडकी कागदोपत्री वेगळ्या मालकाची. खिडकीवाला त्या डब्या एका घाऊक व्यापाऱ्याला विकतो, तो तिसरा मालक. घाऊक व्यापारी त्या पुन्हा पाचिंकोच्या दुकानाला विकतो आणि त्याच डब्या दुसऱ्या दिवशी काउंटरवर हजर. याला 'सानतेन होशिकी', म्हणजे तीन दुकानांची पद्धत म्हणतात. दुकानानं रोख दिली नाही, दिलेली वस्तू परत घेतली नाही, कलम शाबूत.

या उद्योगाबद्दलचं बहुतेक सगळं या खिडकीतून पाहिलं तरच कळतं. मालक कोण, बँका आणि शेअर बाजार लांब का, करवसुलीचा प्रश्न का सुटत नाही, या सगळ्याची वाट तिथूनच जाते.

ही शक्कल काढली कोणी?

युद्धानंतरच्या वर्षांत बक्षिसाच्या सिगारेटी दुकानाबाहेर स्वस्तात विकत घेऊन दुकानदाराच्याच गळ्यात मारण्याचा धंदा याकुझा, म्हणजे तिथल्या संघटित टोळ्या, करत होत्या. दुकानदाराला नको म्हणायची सोय नव्हती. १९६१ च्या सुमाराला ओसाकात यावर तोडगा निघाला: बक्षिसांची खरेदी युद्धविधवा आणि अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे द्यायची, म्हणजे टोळ्यांचा पत्ता कटेल आणि गरजूंना रोजगार मिळेल. पोलिसांनी त्याकडे काणाडोळा केला आणि ही पद्धत देशभर पसरली. पळवाट म्हणून आज तिला नावं ठेवली जातात, पण तिचा जन्म गुंडांना बाहेर काढण्यासाठी झाला होता, हे विसरता येत नाही.

त्या डबीत असतं काय?

टोकियोत खरं सोनं. राजधानीत १९९० च्या सुमारापासून टीयूसी या नावाची खिडक्यांची साखळी आहे आणि तिथे अगदी कमी वजनाचे सोन्याचे तुकडे चालतात. इतर प्रांतांत वस्तू बदलते. सोन्याचा फायदा असा, की त्याला स्वतःची बाजारकिंमत आहे, त्यामुळे 'ही वस्तू नाही, नुसतं टोकन आहे' असा आक्षेप कुणाला घेता येत नाही. तोटाही तोच. सोन्याचा भाव चढला की बक्षिसांचं कोष्टक नव्यानं बसवावं लागतं. एका बक्षिसाची किंमत ९,६०० येन अधिक कर याच्या वर जाता कामा नये असा नियम आहे, म्हणून मोठं जिंकणारा माणूस ओंजळभर डब्या घेऊन खिडकीपाशी उभा दिसतो.

पोलिसांना हे ठाऊक नाही?

ठाऊक नसेल कसं? दुकानाला परवाना देणारी यंत्रणा पोलिसांचीच, यंत्र तपासणारी संस्था पोलीस खात्याच्या छायेतली, आणि तिथे व उद्योगाच्या संघटनांत निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांची वर्णी लागते ही जपानी वर्तमानपत्रांतली जुनी तक्रार. तरी बरीच वर्षं अधिकृत सूर 'आम्हाला रोखीच्या अदलाबदलीची कल्पना नाही' असाच होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये संसदेतल्या प्रश्नाला मंत्रिमंडळानं लेखी उत्तर दिलं, की गिऱ्हाईक मिळालेली वस्तू दुकानदार सोडून तिसऱ्या कुणाला विकतं असंही घडतं याची सरकारला जाणीव आहे, आणि फूएइहोच्या चौकटीत चालणारा पाचिंको हा दंडसंहितेतला जुगार ठरत नाही. सरकारनं डोळ्यांवरचं कातडं बोटभर वर केलं, एवढंच.

याला एक पुरवणी आहे. जपानात कॅसिनोंना परवानगी देणारा कायदा झाल्यावर २०१८ मध्ये जुगाराच्या व्यसनावरचा मूलभूत कायदा आला. त्याच्या व्याख्येत शर्यतींबरोबर पाचिंकोही घातला आहे. म्हणजे पकडायला गेलं तर करमणूक, उपचार करायला गेलं तर जुगार.

लास वेगासच्या तीसपट उलाढाल, हे खरं आहे का?

हा आकडा समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी उगवतो. उलाढाल अफाट आहे हे खरं, पण तुलना चुकीची आहे.

पाचिंकोचा गल्ला म्हणून जो आकडा छापला जातो तो गिऱ्हाइकांनी छर्रे भाड्यानं घेण्यासाठी भरलेला एकूण पैसा असतो. २००० च्या दशकाच्या मध्याला तो वर्षाला ३० लाख कोटी येनच्या आसपास होता. २०२३ मध्ये तो १५.७ लाख कोटी होता. पण यातले साधारण ८५ टक्के बक्षिसांच्या रूपानं गिऱ्हाइकांकडेच परत जातात. दुकानांकडे उरतात सुमारे १५ टक्के. उलट लास वेगास किंवा मकावचे जे आकडे आपण वाचतो ते कॅसिनोकडे उरलेल्या रकमेचे, म्हणजे खेळणाऱ्यांनी हरलेल्या पैशाचे असतात. एकीकडे गल्ला आणि दुसरीकडे कमाई अशी ही तुलना.

दोन्हीकडे कमाईच धरली तर? तेजीच्या काळातल्या ३० लाख कोटींचे १५ टक्के म्हणजे साडेचार लाख कोटी येन. तेव्हाच्या विनिमय दरानं हे ४० अब्ज डॉलरच्या घरात जातं. मकावच्या कॅसिनोंनी २०१३ या त्यांच्या सर्वांत मोठ्या वर्षी ४५ अब्ज डॉलर कमावले होते. म्हणजे पाचिंको भरभराटीत असताना मकावच्या तोडीचा होता आणि लास वेगासच्या मुख्य रस्त्यावरच्या कॅसिनोंपेक्षा काही पट मोठा. तीसपट नव्हे. पण ना समुद्रकिनारा, ना तारांकित हॉटेलं, ना परदेशी पर्यटक. सगळा पैसा घराजवळच्या स्टेशनापाशी हरलेला. मला तीसपटपेक्षा हेच जास्त थक्क करणारं वाटतं.

गल्ला आणि कमाई यांतला फरक किती जिव्हाळ्याचा असतो हे आपल्याकडेही दिसलं आहे. ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी लागला तेव्हा गोव्यातले कॅसिनोवाले आणि ऑनलाइन गेमिंगवाले नेमकं यावरच भांडत होते: कर कशावर, खेळात लावलेल्या पूर्ण पैशावर की आमच्याकडे उरणाऱ्या रकमेवर?

८५ टक्के परत मिळत असतील तर हा बराच उदार खेळ म्हणायचा?

कागदावर, हो. जपानी घोड्यांच्या शर्यतीत लावलेल्या पैशातला पाव हिस्सा आधीच कापला जातो, आणि लॉटरीत तर निम्म्याहून कमी पैसा बक्षिसांत जातो. त्यांच्यापुढे १५ टक्के काहीच नाहीत.

पण खरा प्रश्न वेगाचा आहे. लॉटरीचं तिकीट घेतलं की सोडतीपर्यंत थांबावं लागतं. शर्यतींमध्येही अर्ध्या तासाचं अंतर असतं. पाचिंकोचं यंत्र मिनिटाला १०० छर्रे उडवू शकतं. एका छर्ऱ्याचं भाडं ४ येन (कर वेगळा), म्हणजे मिनिटाला ४०० येन. हजार येनचे अडीचशे छर्रे काही परत आले नाहीत तर अडीच मिनिटांत संपतात. जिंकलेले छर्रे माणूस पुन्हा त्याच यंत्रात ओततो, त्यामुळे तोच पैसा दिवसभरात कितीतरी वेळा त्या १५ टक्क्यांच्या चाळणीतून जातो. टक्का लहान आणि फेऱ्या असंख्य, हीच या धंद्याची खरी गुरुकिल्ली.

एका सामान्य गिऱ्हाइकाचा हिशेब मांडून दाखवाल?

आजच्या जोखमीच्या यंत्रावर पहिला मोठा डाव लागण्याची शक्यता ३१९ मध्ये १ अशी असते. हजार येनमध्ये आकडे साधारण १५ ते २० वेळा फिरतात. १७ धरू. म्हणजे पहिला डाव लागेपर्यंत सरासरीनं १९ हजार येनच्या आसपास, आपल्या दहा हजार रुपयांच्या घरात, खर्च होतात. सरासरीनं, हे लक्षात घ्या. तीनशे फेऱ्या कोरड्या गेल्या म्हणून तीनशे एकाव्या फेरीला काही हक्क मिळत नाही, पण यंत्रासमोर बसलेल्या माणसाला ते पटत नाही. डाव लागला की त्यानंतर काही काळ शक्यता एकदम वाढते आणि डावांची माळ लागू शकते. कमाई सगळी त्या माळेत. ती लागली तर दिवस सोन्याचा, नाहीतर मूठ पिळत बसा.

आता उद्योगाच्या बाजूनं बघा. २०२३ चे १५.७ लाख कोटी त्या वर्षी खेळलेल्या सुमारे ६६ लाख लोकांत वाटले तर माणशी वर्षाला २४ लाख येनचे छर्रे होतात, आणि त्यावर १५ टक्क्यांनी साडेतीन लाख येनचा तोटा. १९९५ च्या सुमाराला खेळणारे तीन कोटींच्या जवळपास होते आणि माणशी गल्ला १० लाख येनच्या आसपास. खेळणारे पावपटीहून खाली आले, उरलेल्या प्रत्येकाच्या डोक्यावरचा गल्ला दुपटीहून वर गेला. उद्योग आक्रसतोय अशा बातम्यांत हा भाग क्वचितच येतो. मौजेपुरतं खेळणारे निघून गेले, आणि राहिलेल्यांच्या जिवावर दुकानं चालली आहेत.

दुकानदार आपला वाटा कसा ठरवतो?

पाचिंकोत खिळ्यांनी, पाचिस्लॉटमध्ये किल्लीनं.

स्लॉटच्या यंत्रात १ ते ६ अशा पातळ्या असतात. ६ म्हणजे गिऱ्हाइकाच्या फायद्याची, १ दुकानाच्या. दुकानदार रात्री किल्ली फिरवून पातळी बदलतो आणि ते कायदेशीर आहे. म्हणूनच सकाळी १० च्या आधी काही दुकानांबाहेर रांग दिसते. आज कुठल्या यंत्रात ६ असेल, याचे आडाखे बांधणारे ते लोक.

खिळ्यांचं प्रकरण नाजूक. मधल्या कप्प्याच्या तोंडावरचे दोन खिळे केसभर जवळ आणले की हजार येनमागच्या फेऱ्या घटतात, लांब केले की वाढतात. पूर्वापार यासाठी 'कुगिशी' म्हणजे खिळ्यांचे कारागीर असत. दुकान बंद झाल्यावर हातोडी आणि मापाच्या गोळ्या घेऊन ते मिलिमीटरच्या शतांशांत काम करत. पण तपासून मंजूर झालेल्या यंत्राच्या खिळ्यांना पोलिसांच्या परवानगीशिवाय हात लावणं नियमानुसार चूक आहे. सगळ्यांना माहीत असलेलं हे गुपित २०१५ मध्ये चव्हाट्यावर आलं. दुकानांतली यंत्रं तपासणीच्या वेळच्या यंत्रांसारखी वागतच नाहीत असं आढळलं, आणि पुढच्या वर्षी लाखो यंत्रं उचलावी लागली.

तिसरा मार्ग अदलाबदलीच्या दराचा. ४ येनला भाड्यानं घेतलेला छर्रा खिडकीवर ४ येनलाच जाईल असं नाही. बऱ्याच ठिकाणी १०० येनसाठी २५ ऐवजी २८ छर्रे द्यावे लागतात. फरक दुकानाचा.

१५ टक्के म्हणजे दुकानदाराची चांदीच की?

तो निव्वळ नफा नव्हे. त्यातून जागा, पगार, वीज, जाहिरात आणि सगळ्यांत जड म्हणजे यंत्रं. एक नवं यंत्र ४ ते ५ लाख येनला पडतं आणि मोठ्या दुकानात अशी पाचशे-हजार यंत्रं असतात. नव्या यंत्राचा बहर काही आठवड्यांचा. नंतर खुर्च्या रिकाम्या पडायला लागतात आणि पुढचं मॉडेल आणावं लागतं. गाजलेल्या अॅनिमे मालिकांचे हक्क, मोठे पडदे, थरथरणारी बटणं यांचा खर्च उत्पादक दुकानदाराकडून वसूल करतो. सांक्यो, हेइवा, सेगा सॅमी यांसारखे उत्पादक टोकियो शेअर बाजारात नोंदलेले आहेत. ते यंत्र बनवतात, जुगार चालवत नाहीत, त्यामुळे त्यांना खिडकीची अडचण नाही. पैसा सुरक्षित कुठे आहे ते यातून दिसतं.

मालक बहुतेक कोरियन वंशाचे, हे खरं?

अर्ध्याहून अधिक मालक जपानात स्थायिक झालेल्या कोरियन कुटुंबांतले, असं सर्रास मानलं जातं. यामागे काही गूढ नाही. युद्धानंतर या लोकांना चांगल्या कंपन्यांत नोकरी मिळत नसे, बँका कर्ज देत नसत, सरकारी नोकरीची दारं बंद. जो धंदा प्रतिष्ठित जपानी माणसाला नको होता तो त्यांच्या वाट्याला आला: भंगार, भाजलेलं मांस विकणारी हॉटेलं, पाचिंको.

मारुहान या पाचिंको साखळीचे संस्थापक हान चांग-उ हे यातलं सगळ्यांत ठळक उदाहरण. कोरियातून किशोरवयात जपानला आले, क्योटो प्रांतातल्या मिनेयामा या लहान गावात बस्तान बसवलं, मध्येच बोलिंगच्या लाटेत उडी घेऊन ६०० कोटी येनचं कर्ज डोक्यावर घेतलं आणि ते पाचिंकोतूनच फेडलं. पुढे मारुहानचा वर्षाचा गल्ला २ लाख कोटी येनच्या वर गेला. शब्द पुन्हा तोच: गल्ला.

आणि उत्तर कोरियाला जाणारा पैसा?

काही मालक उत्तरेशी निष्ठा सांगणाऱ्या संघटनेचे होते आणि १९९० च्या दशकापर्यंत नीगाता बंदरातून उत्तर कोरियातल्या वोनसानला जाणाऱ्या जहाजातून रोकड जात होती, हे जपानी संसदेत वारंवार चर्चिलं गेलं. त्या वर्तुळातल्या पतसंस्था बुडाल्या तेव्हा त्या सावरायला १ लाख कोटी येनहून अधिक सरकारी पैसा ओतावा लागला. २००६ च्या क्षेपणास्त्र चाचणीनंतर त्या जहाजाला बंदी झाली. मालकांची नवी पिढी जपानातच जन्मलेली आणि तिकडे ओढा नसलेली आहे. आजच्या उद्योगाचं अर्थकारण समजून घ्यायला हा मुद्दा फारसा उपयोगाचा नाही. राजकीय भाषणांत मात्र तो अजून खपतो.

एवढा पैसा आहे तर दुकानांच्या कंपन्या शेअर बाजारात का नाहीत?

खिडकीमुळे. गुंतवणूकदारांना कंपनीनं सांगायचं असतं की आमचा धंदा पूर्ण कायदेशीर आहे. पण सगळं उत्पन्न ज्या अदलाबदलीवर उभं आहे ती 'आमची नाहीच' म्हणणाऱ्या कंपनीला टोकियोच्या बाजारानं दार उघडलं नाही. डायनाम या साखळीनं शेवटी ऑगस्ट २०१२ मध्ये हाँगकाँगमध्ये नोंदणी केली. पाचिंकोची दुकानं चालवणारी अशी ही पहिलीच कंपनी. मागाहून निराकूसारख्या आणखी काही तिथेच गेल्या. डायनामचे सातो योजी आधी दाइएइ या सुपरमार्केट साखळीत नोकरीला होते. एकसारखी दुकानं, शहराबाहेर स्वस्त जागा, घाऊक खरेदी हे किराण्याचं शास्त्र त्यांनी या धंद्यात आणलं. त्यांची सुमारे ४०० दुकानं जपानभर पसरली.

प्रीपेड कार्डचा घोटाळा काय होता?

रोखीचा धंदा असल्यामुळे करचुकवेगिरीत पाचिंकोचं नाव नेहमी वर असे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पोलिसांनी कल्पना पुढे रेटली: छर्रे कार्डावर घ्यायला लावा, म्हणजे प्रत्येक येनची नोंद राहील. मित्सुबिशीसारख्या बड्या व्यापारी कंपन्या कार्डांच्या धंद्यात उतरल्या. दुकानदार तयार होईनात. मग १९९२ च्या सुमाराला आमिष दाखवलं गेलं: कार्डावर चालणाऱ्या यंत्रांना डावांच्या माळेची मुभा. जोखीम वाढली, गिऱ्हाइकं तुटून पडली, कार्ड रुजलं. पाठोपाठ बनावट कार्डांचं पीक आलं आणि १९९० च्या दशकाच्या मध्याला कार्ड कंपन्यांचं ६ हजार कोटी येनच्या वर नुकसान झालं. हिशेब पारदर्शक करण्याच्या नादात खेळ जास्त घातक करून ठेवला, असं माझं मत.

धंदा आटतोय का?

झपाट्यानं. १९९५ मध्ये देशात १८ हजारांवर दुकानं होती. २०२३ च्या अखेरीस ७ हजारांच्या आसपास उरली. तसा हा उद्योग आधीही एकदा कोसळला होता: १९५४ मध्ये भराभर छर्रे उडवणाऱ्या यंत्रांवर बंदी आली तेव्हा चाळीस हजारांवरची दुकानं काही वर्षांत दहा हजारांखाली आली. १९८० मध्ये सांक्योच्या 'फिव्हर' यंत्रानं फिरते आकडे आणले आणि पुन्हा तेजी. पण या वेळची घसरण वेगळी आहे. तिला एकच कारण नाही.

तरुणांच्या हातात मोबाइल आला. त्यांना गोंगाटात, धुरात बसायचं नाही. (धूर एप्रिल २०२० पासून बंद आहे, पण ख्याती राहिली.) फेब्रुवारी २०१८ पासून नियम कडक झाले. एका डावातले जास्तीत जास्त छर्रे २,४०० वरून १,५०० वर आले. उद्देश व्यसन रोखण्याचा होता, परिणाम असा झाला की दुकानांना जुनी यंत्रं काढून जवळपास सगळा संच नव्यानं घ्यावा लागला. जुनी यंत्रं काढायची मुदत जानेवारी २०२२ पर्यंत लांबली, कारण मध्ये कोरोना आला. एप्रिल २०२० मध्ये ओसाकाच्या राज्यपालांनी बंद न ठेवलेल्या दुकानांची नावंच जाहीर केली. लाज वाटून ती बंद होतील असा हिशेब होता. झालं उलटं, कुठलं दुकान उघडं आहे याची यादी लोकांना घरबसल्या मिळाली.

त्यानंतर 'स्मार्ट' यंत्रं आली, ज्यात छर्ऱ्यांना हात लागत नाही, सगळं आकड्यांत. पुन्हा नवी गुंतवणूक. जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या, तेव्हा नोटा घेणारी उपकरणंही बदलावी लागली. साखळ्या हे सोसतात. तालुक्याच्या गावातलं दोनशे यंत्रांचं दुकान शटर ओढतं.

मोठे तरी सुरक्षित आहेत?

गाया ही देशातली नावाजलेली साखळी ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाच्या दारात गेली. समूहावरचं कर्ज ११ हजार कोटी येनहून जास्त होतं. या उद्योगातलं हे सगळ्यांत मोठं दिवाळं. दुकानं वाढवायला घेतलेलं कर्ज, मग यंत्रं बदलायला आणखी कर्ज आणि गल्ला मात्र घसरता. बुडत्याचा पाय खोलात.

एक येनचा पाचिंको काय प्रकार आहे?

२००० च्या दशकाच्या उत्तरार्धात दुकानांनी छर्ऱ्याचं भाडं ४ वरून १ येनवर आणलं. तोच खेळ, चौथाई खर्च. निवृत्त मंडळी परतली, खुर्च्या भरल्या. पण यंत्राची किंमत काही चौथाई झाली नाही. भरलेलं दुकान आणि रिकामी तिजोरी अशी गत झाली. डायनामसारख्या ज्यांना खर्च खाली ठेवता येतो त्यांनाच हे परवडलं.

सरकारला किती मिळतं?

इतर धंद्यांसारखा कंपनी कर आणि उपभोग कर. घोड्यांच्या शर्यतींच्या विक्रीतले १० टक्के सरकारी तिजोरीत जातात, तसा खास हिस्सा पाचिंकोवर नाही. २०१४ मध्ये सत्ताधारी पक्षातल्या काही खासदारांनी अदलाबदलीवर १ टक्का कर लावण्याची कल्पना मांडली आणि ती बारगळली. कर लावायचा तर आधी खिडकीवर पैशांची देवाणघेवाण होते हे कायद्यात लिहावं लागेल. ते लिहिलं की जुगार कबूल केला. दुकानदारांच्या बाजूनं पाहिलं तर या संदिग्धतेची किंमत आहे आणि फायदाही आहे, आणि माझ्या मते फायदा मोठा आहे.

व्यसनाचं काय?

२०१७ मध्ये जाहीर झालेल्या सरकारी पाहणीनुसार ३.६ टक्के प्रौढांना आयुष्यात कधीतरी जुगाराचं व्यसन जडल्याची शक्यता होती, म्हणजे ३२ लाख लोक. सर्वाधिक पैसा पाचिंको आणि स्लॉटवर गेलेला. उन्हाळ्यात वाहनतळावर गाडीत ठेवलेली लहान मुलं दगावण्याच्या घटना वर्षानुवर्षं घडत आल्या, म्हणून दुकानांचे कर्मचारी आता गाड्यांत डोकावत फेऱ्या मारतात. मदतीसाठीची फोनसेवा उद्योगाच्या पैशावर चालते. काही दुकानांत तर एटीएमही होतं, ते काढण्याचं धोरण २०१९ मध्ये ठरलं. माणशी गल्ल्याचा वरचा हिशेब पाहिला तर या उपायांची मर्यादा कळते: मोजकेच लोक खूप खेळतात यावरच धंदा तगलेला असताना त्याच लोकांना आवरा असं धंद्यालाच सांगितलेलं आहे.

ओसाकात कॅसिनो आला की पाचिंको संपेल?

वाटत नाही. युमेशिमा बेटावरचा एमजीएम आणि ओरिक्स यांचा प्रकल्प २०३० च्या सुमाराला उघडायचा आहे. तिथे जपानी रहिवाशांना दर खेपेला ६,००० येन प्रवेशशुल्क आणि आठवड्याला तीन खेपांची मर्यादा. पाचिंकोत जायला शुल्क नाही, मर्यादा नाही, ओळखपत्र सहसा कुणी मागत नाही आणि दुकान घराच्या वाटेवर.

हा खेळ जपानबाहेर का पसरला नाही?

दक्षिण कोरियात पसरला होता. २००० च्या दशकात तिथे बक्षीस म्हणून कूपन देणारी यंत्रं गल्लोगल्ली लागली आणि कूपनं बाजूच्या टपरीत वटवली जात. २००६ मध्ये मोठा गदारोळ झाला आणि सरकारनं ती बंदच केली. तीच पळवाट, पण तिला जपानसारखी साठ वर्षांची सवय आणि पोलिसांची देखरेख मिळाली नव्हती.

मी नोकरीनिमित्त टोकियोत आहे. एकदा जाऊन बघू का?

वय १८ पूर्ण हवं. परदेशी माणसाला आडकाठी नाही. दुकान सकाळी १० ला उघडतं आणि रात्री ११ पर्यंत बंद होतं. आवाज कान बधिर करणारा असतो, त्यामुळे कापूस न्या. एक येनच्या रांगेत बसा आणि हजाराची एकच नोट खिशात ठेवा. चुकून जिंकलात तर काउंटरवर 'खिडकी कुठे आहे?' असं विचारू नका, कर्मचारी सांगत नाहीत. डब्या घेऊन बाहेर पडणाऱ्यांच्या मागे जा.